वाटणी आणि भेट

भाविक वाचकहो, तुकोबारायांचे नाव घेतले की आपण भंडाऱ्याच्या डोंगराकडे बोट दाखवतो, भामचंद्राकडे दाखवतो, इंद्रायणीच्या डोहाकडे दाखवतो. देहूच्या त्यांच्या राहत्या घराकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही. आपला संप्रदाय तर प्रपंच करणाऱ्यांचा. माळ घालताना बायकामुले सोड असे कोणी सांगत नाही. एकादशी धर, वारी चुकवू नको, आचार शुद्ध ठेव आणि मुखी नाम असू दे, एवढेच सांगतात. म्हणजे माळकऱ्याला परमार्थ करायचा तो चूल, गोठा, शेत, सासर, माहेर आणि भाऊबंद यांच्यात राहूनच करायचा.

आणि भाऊबंद म्हटले की वाटणी आली. हा शब्द घरात मोठ्याने उच्चारत नाहीत. आधी चूल वेगळी होते, मग दावण वेगळी होते, मग बांध पडतो आणि त्यानंतर पुष्कळदा तोंडे फिरतात. गावोगावी कीर्तनाच्या निमित्ताने फिरताना मी अशी घरे पाहिली आहेत, की दोघे भाऊ माळकरी, दोघे वारकरी, पण एक विण्याच्या उजवीकडे उभा राहतो म्हणून दुसरा डावीकडे जातो. दिंडीत अनोळखी माणसाच्या पाया पडतात आणि सख्ख्या भावाच्या दारावरून मान खाली घालून जातात. अशा माणसांसाठी संतांच्या घरांचा इतिहास पुन्हा एकदा उघडून पाहावा, असे मनात आले. त्या घरांतही वाटणी झाली होती, रुसवे झाले होते, बापलेकांचे मतभेद झाले होते. वाटणी झाल्यावर ती माणसे कशी वागली, तेवढेच या लेखात पाहू.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. वाटणी म्हणजे कलियुगातले पाप, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत दायविभागाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिच्यावर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा ही टीका लिहिली, ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी येथे. महाराष्ट्रात वडिलार्जित मिळकतीचा व्यवहार शतकानुशतके या मिताक्षरेला धरून चालत आला. तिचे म्हणणे असे की मुलगा जन्मला तेव्हाच वडिलार्जित मिळकतीत त्याचा हक्क जन्मला. वाटणी मागणाऱ्याला शास्त्राने दोष दिलेला नाही. मात्र एक गोष्ट शास्त्राने बजावून सांगितली. आईबापांच्या मागे मुलांनी धन जसे समान वाटून घ्यायचे, तसेच ऋणही समान वाटून घ्यायचे. आज वाटणीला बसणारे धनाचा भाग मोठ्या आवाजात मांडतात, ऋणाच्या भागाला आवाज बारीक होतो. आईचे औषधपाणी, बापाचे म्हातारपण, बहिणीचे बाळंतपण, कुळधर्म, हे सगळे ऋणच आहे. ते वाटणीपत्रात कोण लिहितो?

आता देहूला चला. तुकोबारायांचे घराणे मोऱ्यांचे. या घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा. त्यांची पंढरीची वारी होती आणि देहूत विठ्ठल-रखुमाईची स्थापना त्यांच्यामुळे झाली, असे परंपरा सांगते. त्यांना दोन मुलगे, हरी आणि मुकुंद. विश्वंभरबाबा गेल्यावर या दोघांनी घरचा देव मागे ठेवून लष्करी चाकरीची वाट धरली. आई आमाबाईंनाही बरोबर नेले. पुढे दोघेही लढाईत पडले. मुकुंदाच्या बायकोने सहगमन केले. हरीची बायको गरोदर होती, तिला माहेरी पोचवून म्हाताऱ्या आमाबाई देहूला परत आल्या, त्या देवापाशीच येऊन बसल्या. त्या सुनेच्या पोटी विठ्ठल जन्मला आणि घराण्याचा वंश राहिला. महीपतिबोवांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. महीपतिबोवा राहुरीजवळच्या ताहाराबादचे. त्यांनी शके १६८४ म्हणजे इ.स. १७६२ मध्ये भक्तविजय पुरा केला आणि शके १६९६ म्हणजे इ.स. १७७४ मध्ये भक्तलीलामृत. तुकोबारायांच्या घरची बहुतेक हकीकत आपल्यापर्यंत त्यांच्याच लेखणीतून आली. विचार करा, वाचकहो, की तुकोबारायांचे सारे घराणे एका म्हाताऱ्या सासूच्या आणि माहेरी राहिलेल्या एका विधवा सुनेच्या आधारावर उभे राहिले. वंशावळीत पुरुषांची नावे येतात. त्या वंशाचा दिवा विझू दिला नाही तो या दोघींनी.

विठ्ठलापासून पदाजी, शंकर, कान्हया आणि मग बोल्होबा अशी पुढची पिढी सांगतात. बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलगे, सावजी, तुकोबा आणि कान्होबा. शके १५३० (इ.स. १६०८) हा तुकोबारायांचा जन्मशक आज बहुतेक ठिकाणी धरला जातो. घर खाऊनपिऊन सुखी होते. शेती होती, दुकान होते, सावकारी होती, पेठेची महाजनकी होती. बोल्होबांनी म्हातारपणी कारभार थोरल्या मुलाच्या हाती द्यायचे ठरवले, तर सावजींचे मन विरक्त. त्यांनी नको म्हटले. म्हणून तो भार मधल्यावर आला. कोवळ्या वयात तुकोबांनी बाजारपेठ सांभाळली. पहिली बायको रखमाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई दुसरी करून आणली. तीच आवली.

मग एकामागून एक घाव पडले. आईबाप गेले. सावजींची बायको गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि शके १५५१-५२ मध्ये, म्हणजे इ.स. १६२९-३० च्या सुमारास दख्खनेत आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. शहाजहानच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशहानाम्यातही त्या दुष्काळाचे वर्णन आहे. त्याच दिवसांत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. देहूच्या घरात मात्र अन्नाविना रखमाई गेल्या, थोरला मुलगा संतू गेला. गुरे गेली, दुकान बुडाले, पत गेली. चार वर्षांपूर्वी ज्या ओसरीवर लोक उधारी मागायला येत, त्या ओसरीवर आता कोणी फिरकेना.

येथे आपले कीर्तनकार तुकोबारायांना डोंगरावर नेतात. आपण थोडे खाली, घरातच थांबू. घरात राहिले कोण? जिजाई आणि धाकटा भाऊ कान्होबा. तुकोबा भामचंद्रावर जाऊन बसले तेव्हा त्यांचा शोध घेत कान्होबा रानोमाळ हिंडले आणि भाऊ सापडेपर्यंत थांबले नाहीत. दोघे खाली इंद्रायणीच्या काठी आले. लोकांकडे येणे असलेल्या रकमांची कर्जखते होती. ती सगळी पाण्यात सोडून द्यावी असे तुकोबांच्या मनात आले. तेव्हा कान्होबा आडवे आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दादा, तू साधू झालास, मला मात्र लेकराबाळांचे पोट भरायचे आहे. तुकोबारायांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा अर्धा वाटा त्यांच्या हातात दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला.

ही गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकली असेल. ती सांगताना सारा भर बुडवलेल्या अर्ध्यावर असतो. माझे सांगणे आहे की दिलेल्या अर्ध्याकडेही पाहा. तुकोबा थोरले होते, घरचे कर्ते होते. सगळी खते बुडवली असती तर त्या दिवशी त्यांचा हात धरणारे कोण होते? दुष्काळात गांजलेल्या कुळांना ते अधिकच बरे वाटले असते आणि वैराग्याची कीर्ती दुप्पट झाली असती. पण भावाच्या वाट्यावर आपले वैराग्य चालवायचा आपल्याला अधिकार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी कान्होबाला लोभी म्हटले नाही. तू भक्त असशील तर तूही सोड, असे बजावले नाही. कान्होबाने शास्त्राला धरून आपला भाग मागितला, थोरल्याने तो शब्द न वाढवता मोजून दिला. ज्याला सोडायचे त्याने आपले सोडावे, दुसऱ्याचे सोडू नये. त्यागाची ही मर्यादा त्या दिवशी इंद्रायणीच्या काठावर घालून दिली गेली.

आणि कान्होबाचे पुढे काय झाले? वाटणी घेतली म्हणून ते दुरावले का? मुळीच नाही. तुकोबारायांच्या मागे उभे राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांत कान्होबांचे नाव आहे. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, ज्याला आपण बीज म्हणतो, तुकोबाराय वैकुंठाला गेले. तेव्हा कान्होबांनी केलेला शोक अभंगरूपाने गाथेत आहे. त्यात देवाशी केलेले भांडण आहे, भावाला परत आणून दे असा हट्ट आहे. गाथेत त्यांची नाममुद्रा तुकयाबंधु अशी येते, हे ध्यानात घ्या. वाटणी झालेल्या माणसाने आपली ओळख सांगताना स्वतःच्या नावाआधी भावाचे नाव घातले. खतांचा वाटा निराळा झाला होता. भाऊपणाचा वाटा कोणी पाडला नव्हता.

आता जिजाईंकडे वळू. फडावर जिजाईंचे नाव निघाले की हशा पिकतो. ती कजाग, ती देवाला शिव्या देणारी, अशी सोंगे उभी केली जातात. पण हिशेब मांडून पाहा. घरातली अर्धी खते नदीत गेलेली, उरलेली दिराची. पदरात काशी, भागीरथी आणि गंगा या मुली, महादेव आणि विठोबा हे मुलगे. नवरा पहाटे डोंगरावर जाणार तो दिवस मावळला तरी येणार नाही. अशा घरात रोजची चूल पेटवायची ती कोणी? आणि तीच बाई भाकरी बांधून घेऊन भंडाऱ्याचा चढ चढत असे. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही हा तिचा नेम. तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला पांडुरंग आले, असे परंपरा सांगते. पांडुरंग काटा काढायला आले ते कोणाच्या पायातला? डोंगरावर ध्यान करणाऱ्याच्या नव्हे, भाकरी घेऊन निघालेलीच्या पायातला. ज्यांनी ही कथा जपली त्यांना जिजाईंची योग्यता ठाऊक होती. आजही वारीला पुरुष निघतो तेव्हा मागे गोठा, पेरणी आणि म्हातारी माणसे सांभाळणारी कोणी असते. तिची वारी उंबऱ्याच्या आत चालते. घरी परतल्यावर माळकऱ्याने पहिला बुक्का तिच्या कपाळी लावावा.

भावाभावांची वाटणी पाहिली. बापलेकांत अंतर पडते ते पैठणला पाहू. नाथमहाराजांचे चिरंजीव हरिपंडित मोठे विद्वान. बापाने शास्त्रे सोडून प्राकृतात निरूपण करावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते घर सोडून काशीला जाऊन राहिले. पाहा, त्याच काशीत नाथांनी शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ मध्ये आपले एकनाथी भागवत पुरे केले होते आणि तेथल्या पंडितांनी त्या प्राकृत ग्रंथाचा गौरव केल्याची कथा आपण सांगतो. त्याच नगरीत मुलगा बापाच्या प्राकृतावर रुसून बसला. नाथांनी काय करावे? ग्रंथाचा दाखला द्यावा? काशीच्या पंडितांची साक्ष काढावी? त्यांनी यातले काही केले नाही. म्हातारपणी काशीचा प्रवास करून ते स्वतः मुलाला आणायला गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या, परान्न घ्यायचे नाही आणि प्राकृतावर निरूपण करायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पैठणच्या वाड्यात मुलगा पोथी सांगू लागला, बाप गप्प बसून ऐकू लागला. हळूहळू श्रोते आटले. पुढे एका बाईच्या सहस्रभोजनाच्या संकल्पाच्या प्रसंगाने हरिपंडितांचे डोळे उघडले, आणि मग पोथी पुन्हा नाथांच्या हाती आली, असे परंपरा सांगते.

वाचकहो, ज्याने आयुष्यभर प्राकृताचा कैवार घेतला त्याने मुलासाठी तेच प्राकृत बाजूला ठेवले. कायमचे टाकले नाही, थांबला. घरात आपले म्हणणे बरोबर असूनही थांबता येणे, ही फार मोठी तपश्चर्या आहे. आपल्या घरी मुले शहरात शिकून येतात, बापाच्या भजनाला नावे ठेवतात, सुना एकादशीचे नियम मोडतात, की लगेच आपण पोथ्यांचे दाखले काढतो. नाथांनी दाखला काढला नाही, वाट पाहिली. आणि काशीला मुलगा गेला होता तरी भेटीला बाप निघाला, हेही विसरू नका. कोणी आधी जायचे या एका प्रश्नावर कित्येक घरांची दारे वर्षानुवर्षे बंद आहेत.

आता पुन्हा देहूला येऊ. तुकोबाराय गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. मागाहून जन्मलेला तो मुलगा म्हणजे नारायणबाबा. ज्याने बापाचे तोंड पाहिले नाही, त्याने इ.स. १६८५ मध्ये बापाच्या पादुका पालखीत घातल्या आणि वारीला निघाला. देहूहून आळंदीला जाऊन तेथून ज्ञानोबारायांच्या पादुका घ्यायच्या आणि दोघांना एकाच पालखीत बसवून पंढरीला न्यायचे, असा तो सोहळा. ज्ञानोबा-तुकाराम हा गजर या एका पालखीतून महाराष्ट्राच्या मुखी बसला. साडेतीनशे वर्षांचे अंतर असलेले दोन संत, एक आळंदीचा, एक देहूचा, एका पालखीत बसले. जणू एका घरातले आजा आणि नातू.

दीडशे वर्षांच्या आसपास असेच चालले. पुढे काळ फिरला. देहूच्या घराण्याला इनामे मिळाली होती, वंशविस्तार झाला होता, मानपान आले होते. जेथे इनाम तेथे वाटे आणि जेथे वाटे तेथे वाद. पालखीच्या व्यवस्थेवरून मतभेद वाढले. तेव्हा, इ.स. १८३२ च्या सुमारास, हैबतबाबांनी ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे काढायला सुरुवात केली. हैबतबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गुहेत कोंडले तेव्हा हरिपाठाच्या बळावर ते सुटले आणि मग चाकरी सोडून आळंदीला माऊलींच्या पायाशी येऊन राहिले. आळंदीच्या महाद्वारातली त्यांची पायरी आपण सर्वजण वंदन करून ओलांडतो. लष्करात वावरलेल्या या माणसाने सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम, तळ, चोपदार, कीर्तन-जागराच्या वेळा ठरवल्या. अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व सोहळ्यात आले.

म्हणजे सरळ भाषेत सांगायचे तर वारीच्या घरातही वाटणी झाली. एका पालखीच्या दोन पालख्या झाल्या. पण ही वाटणी कशी झाली ते बघा. कोणी वारी अडवली नाही, कोणी पांडुरंग आपल्याकडे ओढला नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि अष्टमीला माऊलींची आळंदीहून. दोन्ही पुण्यात येतात. तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरतात, माऊली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. तेथून पुढे वाटा फुटतात. माऊली दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी निघतात. तुकोबाराय लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी वाट धरतात. दोन वाटा, दोन तळ, दोन रथ. आणि आषाढ शुद्ध नवमीला दोन्ही पालख्या वाखरीच्या माळावर येतात. गजर अजून तोच आहे, ज्ञानोबा-तुकाराम. माऊलींच्या दिंडीत तुकोबांचे नाव गाळून भजन करा असे कोणी म्हणाले नाही, आणि देहूच्या दिंडीत ज्ञानोबांचे नाव कोणी वगळले नाही.

या वाटेवर आणखी एक भेट होते, तिचे वर्णन करताना आजही माझा आवाज जड होतो. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांची चार लेकरे, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतले, वाळीत टाकलेली पोरे एकमेकांच्या आधाराने वाढली. त्यांच्या घरात वाटायला होते काय? ना जमीन, ना वाडा, ना खते. होती ती माया आणि विद्या. थोरल्याने धाकट्याला गुरुपदेश केला, आणि धाकटी बहीण रुसून झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना समजावू शकली. ताटीचे अभंग हे बहिणीने भावाला केलेले आर्जव. शके १२१८ म्हणजे इ.स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माऊलींनी समाधी घेतली. पाठोपाठ सासवडला सोपानकाका, पुढच्या वर्षी तापीकाठी मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथ. चार भावंडे चार दिशांना गेली.

त्यांची भेट महाराष्ट्राने घडवून आणली. त्र्यंबकेश्वरहून थोरल्याची पालखी निघते, मुक्ताईनगरहून धाकट्या बहिणीची, सासवडहून सोपानकाकांची. सोपानकाकांची वाट माऊलींच्या वाटेहून वेगळी. पण पंढरीच्या जवळ, तोंडले-बोंडले परिसरात, दोन्ही सोहळे समोरासमोर येतात. त्याला बंधुभेट म्हणतात. दोन रथ जवळ येतात, नारळप्रसादाची देवाणघेवाण होते आणि हजारो माणसांचे डोळे भरून येतात. समाधी घेऊन सातशेहून अधिक वर्षे झालेल्या दोन भावांची भेट पाहून आपण रडतो, ही गोष्ट खोटी नाही. मग एकाच आळीत राहणाऱ्या, जित्याजागत्या भावाला भेटायला आपले पाय का जड व्हावेत? वाखरीला नामदेवरायांची पालखी पंढरीहून सामोरी येते, सर्वांचे स्वागत होते आणि सर्वांच्या मागे माऊलींची पालखी पंढरीत प्रवेश करते. ज्याच्या नावाने लाखो लोक चालत आले, तो सर्वांना पुढे घालून मागून येतो. घरात मोठेपण कसे असते, ते येथे शिकावे.

इतिहास सांगून झाला. आता आपल्या घराचे बोलू. पूर्वीचे एकत्र कुटुंब परत येणार नाही. शेती तुकड्यांत गेली, मुले पुण्या-मुंबईला गेली, कोणी परदेशात गेले. चुली वेगळ्या होणार. त्याचा शोक करत बसणे व्यर्थ आहे, कारण संतांच्याही घरी चुली आणि वाटा वेगळ्या झाल्या. आपल्या हाती आहे ते वाटणी कशी करायची आणि नंतर भेटायचे कसे, एवढेच. वाटणीला बसाल तेव्हा तुकोबारायांना समोर बसवा. धाकट्याचा वाटा मोजून द्या, उदारपणा करायचा तो आपल्या वाट्यातून करा. बांध कोरू नका. एका नांगराच्या तासाने कोणाचे कोठार भरले नाही, पण दोन घरांचे बोलणे मात्र त्या तासाने तुटले आहे. शास्त्राने सांगितल्याप्रमाणे ऋणही वाटून घ्या. आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे अशी वाटणी काही घरांत होते. साठ वर्षे एका छपराखाली काढलेल्या जोडप्याची ताटातूट करणारी ती वाटणी कोणत्या स्मृतीत सांगितली आहे ते मला दाखवा.

बहिणींविषयीही बोलले पाहिजे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशात २००५ साली कायद्याने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तो तिने घ्यावा की सोडावा हा तिचा प्रश्न. पण हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याच्या गावी गाडी पाठवायची आणि दिवाळीला बोलावणे पाठवायचे नाही, हे माळकऱ्याच्या घरी शोभत नाही. आणि तिने हक्क मागितला तर तिचे माहेर बंद करायचे, हे त्याहून वाईट. कान्होबांनी हक्क मागितला म्हणून तुकोबांनी त्यांना तोडले होते काय? आपण आषाढात मुक्ताईच्या पालखीपुढे लोटांगण घालतो. घरच्या मुक्ताईला दारातून परत पाठवून ते लोटांगण पोचेल का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

शेवटी एक गोष्ट सांगतो. घरातली प्रत्येक वस्तू वाटली की कमी होते. चार एकराचे दोन होतात, आठ खणांचे चार होतात, हंडा तर कापताच येत नाही. घराण्याची वारी मात्र तीन भावांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सबंध वारी येते. बापाची वारी थोरल्यानेही चालवावी, धाकट्यानेही चालवावी, लेकीने सासरी न्यावी आणि सुनेने माहेरी सांगावी. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, म्हणून तिच्यावर तंटा नाही. ज्या घरात बोलणे बंद आहे त्या घराने या वर्षी एवढे करावे. दोन्ही चुलींवरचे एकेक माणूस एकाच दिंडीत, एकाच विण्यामागे उभे करावे. पहिल्या दिवशी बोलणे होणार नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीत एक जण दुसऱ्याला मीठ मागेल. दिवेघाटाच्या चढावर एकाची पडशी दुसरा घेईल. वाखरीपर्यंत अठरा दिवसांची वाट आहे, घाई नाही. आणि वाखरीच्या माळावर जेव्हा सगळ्या पालख्या एकत्र येतील, तेव्हा वारकऱ्याने वारकऱ्याच्या पाया पडायचे ही आपली रीत आहेच. समोर कोण उभा आहे हे पाहून थबकू नका. वाका. तो वारकरी आहे, आणि तो तुमचा भाऊही आहे.

रामकृष्ण हरी.